माल्टोपोरिनच्या थ्रीडी प्रतिमानांचा संच: प्रयोगशाळेत वापरून केलेले परीक्षण

छत्रपती संभाजीनगर येथील एका लहान थ्रीडी प्रिंटिंग कार्यशाळेने आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागासाठी माल्टोपोरिन या प्रथिनाच्या, म्हणजे जीवाणूच्या बाह्यपटलातून (बाहेरच्या आवरणातून) शर्करेला वाट देणाऱ्या प्रथिनाच्या, प्रतिमानांचा संच तयार करून दिला. संचाची किंमत ६,८०० रुपये होती आणि एसटीच्या पार्सलने तो आमच्यापर्यंत पोहोचला. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर वर्गांच्या तासांना तो आता नियमित वापरात आहे. मराठवाड्यातील ज्या महाविद्यालयांत जीवाणूंचे बाह्यपटल शिकवले जाते, त्यांनी हा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो मागवताना काही गोष्टी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात, कारण या प्रथिनाचे मर्म ज्या तपशिलांत आहे, नेमके तेच तपशील छपाईत हरवण्याचा धोका असतो.

संचात तीन प्रकारच्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे माल्टोपोरिनच्या तीन उपघटकांचे एकत्र फीत-प्रतिमान, ज्यात प्रथिनाचा कणा वळणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतो. दुसरी म्हणजे एकाच उपघटकाचे भरीव पृष्ठ-प्रतिमान, जे उभे चिरून दोन भागांत दिलेले आहे आणि लहान चुंबकांनी पुन्हा जोडता येते. तिसरी म्हणजे शर्करेचे सुटे रेणू: दोन ग्लुकोज-एककांचे माल्टोज, सहा ग्लुकोज-एककांची माल्टोहेक्साओजची साखळी आणि सुक्रोज, म्हणजे उसाची साखर. सर्व प्रतिमाने एकाच प्रमाणात, म्हणजे दोन कोटी पट मोठी करून छापलेली आहेत, त्यामुळे एक नॅनोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर होतात. तीन उपघटकांचे प्रतिमान सुमारे वीस सेंटिमीटर रुंद भरते. याच प्रमाणात दोन मायक्रोमीटर लांबीचा संपूर्ण ई. कोलाय जीवाणू छापायचा ठरवला, तर तो चाळीस मीटर लांब होईल, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांना आपण किती सूक्ष्म वाटेविषयी बोलत आहोत याचा अंदाज येतो. सर्व वस्तूंचे प्रमाण एकच ठेवण्याचा कार्यशाळेचा आग्रह मला या संचातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण शर्करेचा रेणू प्रत्यक्ष मार्गात धरून पाहता येतो आणि तो कुठे अडतो, कुठे टेकतो, हे पाहणाऱ्याला स्वतःच तपासता येते.

मूळ आराखडा प्रोटीन डेटा बँकेतून घेतलेला आहे. सात रचनांवर १९७१ साली सुरू झालेला हा संग्रह आज जगभर कोणालाही विनामूल्य खुला आहे, आणि माल्टोपोरिनची रचना तेथे १एमएएल या संकेताने मिळते. बाझल येथील टिलमन शिर्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९५ मध्ये ३.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) इतक्या सूक्ष्मतेने प्रसिद्ध केली. कार्यशाळेतील तरुणांना जीवशास्त्राचे शिक्षण नव्हते, तरी त्यांनी संकेतांक, साखळ्यांची संख्या आणि कोणते अमिनो आम्ल कोणत्या रंगात हवे, याची विचारणा मुद्देसूदपणे केली. आमच्या भागात असे काम करून घेण्यासाठी आता पुण्याला जावे लागत नाही, ही समाधानाची बाब आहे.

संगणकाच्या पडद्यावर हीच रचना फिरवून पाहता येते, मग छापील प्रतिमानावर खर्च का करावा, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत रास्तपणे उपस्थित झाला होता. एका पडद्याभोवती संपूर्ण वर्ग उभा राहतो, दोन-तीन विद्यार्थी माऊस हाताळतात आणि बाकीचे पाहत राहतात, हे एक कारण आहे. त्याहून मोठे कारण असे की, पडद्यावर खोली भासते पण मोजता येत नाही. माल्टोपोरिनच्या बाबतीत तर सगळा प्रश्न खोलीचा आणि रुंदीचाच आहे.

जीवाणूच्या बाह्यपटलातून पदार्थ आत जाण्याविषयी पाठ्यपुस्तकांत सहसा पोरिन म्हणजे छिद्र, एवढेच सांगितलेले असते. ओम्प-एफसारख्या सर्वसाधारण पोरिनपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. सोळा पट्ट्या गोलाकार उभ्या राहून बनलेल्या पिंपासारख्या बीटा-बॅरलमधील पाण्याने भरलेल्या मार्गातून सुमारे ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) जलस्नेही रेणू विसरणाने, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरत, आत येतात. ग्लुकोज १८० डाल्टनचे आहे, माल्टोज ३४२ चे आणि तीन ग्लुकोज-एककांचे माल्टोट्रायोज ५०४ चे. हे आकडे फळ्यावर लिहिले की विद्यार्थी लगेच म्हणतात, मग माल्टोजसाठी वेगळ्या प्रथिनाची गरजच काय? गरज अशी की, बाहेर माल्टोज भरपूर असेल तेव्हा सामान्य पोरिन पुरेसे ठरते, परंतु ते अत्यंत विरळ असेल तेव्हा ठरत नाही, आणि त्याहून लांब साखळ्या तर सामान्य पोरिनमधून उपयोगी पडेल इतक्या वेगाने येऊच शकत नाहीत. स्झ्मेल्कमन आणि हॉफ्नुंग यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, जीवाणूंना बाधणाऱ्या लॅम्डा विषाणूचा ग्राहक (तो जिथे चिकटतो ते प्रथिन) म्हणून ओळखले जाणारे प्रथिन ज्या ई. कोलायमध्ये नाही, त्याला कमी संहतीतील माल्टोज आत घेणे जमत नाही. विषाणूने चिकटण्यासाठी निवडलेले हे प्रथिन मुळात जीवाणूचे अन्न मिळवण्याचे साधन होते. त्याचे लॅम-बी हे नाव विषाणूच्या बाजूने आले आणि माल्टोपोरिन हे नाव शर्करेच्या बाजूने.

या संचाची खरी कसोटी इथे लागते. माल्टोपोरिन हे केवळ छिद्र नाही, ते विशिष्ट शर्करेला ओळखून तिला वाट देणारे प्रथिन आहे, ही गोष्ट प्रतिमानातून दिसते का?

फीत-प्रतिमानातून ती दिसत नाही, उलट गैरसमज वाढतो. अठरा पट्ट्यांचे बीटा-बॅरल त्यात सुरेख उभे राहते, पट्ट्या मोजता येतात, तीन उपघटक एकमेकांना कसे बिलगून आहेत तेही कळते. परंतु अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या फितीत दाखवलेल्या नसल्यामुळे आतली पोकळी इतकी प्रशस्त दिसते की विद्यार्थी त्यातून सहज बोट आरपार घालतात. वस्तुतः तिसरा फास (पट्ट्यांना जोडणारे वळण) बॅरलच्या बाहेर न राहता आत वळतो आणि मार्गाच्या मध्यभागी रुंदी जेमतेम पाच-सहा अँगस्ट्रॉमवर आणतो, म्हणजे या प्रतिमानाच्या प्रमाणात जवळपास एक सेंटिमीटर. फीत-प्रतिमान एकटे विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

चिरलेले पृष्ठ-प्रतिमान मात्र उत्तम आहे आणि संचाची जवळजवळ सगळी किंमत ते एकटे वसूल करून देते. त्याचे दोन भाग उघडले की मार्गाच्या एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओळीने बसवलेली सहा सुगंधी (रासायनिक अर्थाने, म्हणजे सपाट कडे असलेली) अमिनो आम्ले गडद रंगात दिसतात (नावापुढचा आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतील क्रमांक): ट्रिप्टोफॅन ७४, टायरोसिन ४१, टायरोसिन ६, ट्रिप्टोफॅन ४२०, ट्रिप्टोफॅन ३५८ आणि शेवटी फिनाइलअॅलनिन २२७. संशोधकांनी या रांगेला स्निग्ध घसरगुंडी म्हटले आहे, आणि प्रतिमान हातात घेतल्यावर ते वर्णन किती अचूक आहे ते पटते. शर्करा पाण्यात विरघळते म्हणून ती सर्वांगाने जलस्नेही असणार, अशी आपली समजूत असते. पण ग्लुकोजच्या कड्याची एक सपाट बाजू बऱ्यापैकी जलविरोधी असते, आणि तीच बाजू या सुगंधी कड्यांवर टेकून सरकते. त्याच वेळी शर्करेचे हायड्रॉक्सिल गट समोरच्या बाजूला असलेल्या आर्जिनिन, ग्लुटामिक आम्ल, ॲस्पार्टिक आम्ल यांसारख्या भारित अवशेषांशी (प्रथिनातील अमिनो आम्लांशी) हायड्रोजन बंध बांधतात. एक बंध सुटतो तेव्हा पुढचा बांधलेला असतो, त्यामुळे रेणूला कुठेही मोठी ऊर्जा मोजून स्वतःला सोडवून घ्यावे लागत नाही. समोरच्या भिंतीतून टायरोसिन ११८ पुढे आलेले असते आणि ते शर्करेला घसरगुंडीपासून दूर जाऊ देत नाही.

माल्टोहेक्साओजची साखळी या मार्गात ठेवून पाहण्याचा अनुभव मला शब्दांत पूर्ण मांडता येणार नाही. साखळीला नैसर्गिकपणेच डावा पीळ असतो, आणि सुगंधी अवशेषांची रांगही त्याच डाव्या पिळाने उतरत जाते. साखळी योग्य दिशेने धरून हलकेच फिरवली की तिची कडी एकामागून एक रांगेवर टेकतात. वर्गातील एका विद्यार्थिनीने साखळी तशी उतरवली तेव्हा, न विचारता, एकाच ग्लुकोजपेक्षा लांब साखळीला हे प्रथिन अधिक घट्ट का धरत असेल याचे उत्तर तिने स्वतः सांगितले: जितकी अधिक कडी, तितके अधिक टेकू. मोजमापेही तेच सांगतात. माल्टोजच्या तुलनेत माल्टोहेक्साओजची पकड सुमारे शंभर पट अधिक असते, आणि साखळी पाच एककांपुढे गेल्यावर पकड फारशी वाढत नाही, कारण टेकण्याच्या जागाच मर्यादित आहेत.

या साखळीबाबतच संचातील सर्वांत गंभीर दोष आढळला. पहिल्या खेपेस आलेली साखळी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी छापलेली होती. छपाईपूर्व सॉफ्टवेअरमध्ये वस्तू बिछान्यावर नीट बसवण्यासाठी ती उलटवण्याची सोय असते, आणि डबी किंवा खेळणे छापताना त्याने काही बिघडत नाही. येथे मात्र सगळेच बिघडते. डी-ग्लुकोजचे एल-ग्लुकोज होते, डावा पीळ उजवा होतो, आणि साखळी घसरगुंडीवर बसण्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या कड्यापाशी भिंतीला भिडते. तपासण्याची रीत सोपी आहे: साखळी उभी धरावी आणि समोरच्या बाजूने वर चढणारा वळसा पाहावा, तो वर जाताना डावीकडे झुकत असेल तर साखळी बरोबर आहे. कार्यशाळेने आक्षेप ऐकताच नवी साखळी विनामूल्य छापून दिली आणि प्रथिनाचे दोन्ही भाग उलटे नाहीत ना, हेही पुन्हा तपासले. ही तत्परता मी मोकळेपणाने नोंदवतो, तरी मूळ दोषाचे गांभीर्य त्यामुळे कमी होत नाही, कारण ज्या विभागात हे तपासणारे कोणी नसेल तेथे उलटी साखळी वर्षानुवर्षे शिकवण्यात वापरली जाऊ शकते.

दुसरा दोष रंगांचा आहे. घसरगुंडीची पहिली पायरी असलेले ट्रिप्टोफॅन ७४ हे त्या उपघटकाचे स्वतःचे नसते. शेजारच्या उपघटकाचा दुसरा फास पुढे येऊन ते मार्गाच्या तोंडाशी आणून ठेवतो. तीन उपघटक एकत्र का राहतात, याचे एक बोलके उदाहरण म्हणून मी हे नेहमी शिकवतो. परंतु फीत-प्रतिमानात तिन्ही उपघटक एकाच करड्या रंगात छापलेले असल्याने कोणता फास कोणाचा, हे बोटाने माग काढल्याखेरीज समजत नाही. आणि एकाच उपघटकाच्या पृष्ठ-प्रतिमानात ते ट्रिप्टोफॅन वेगळा तुकडा म्हणून चिकटवलेले आहे, पण ते शेजाऱ्याचे आहे याची कोणतीही खूण नाही. तीन उपघटक तीन रंगांत, आणि तो तुकडा शेजाऱ्याच्या रंगात, एवढे केले असते तर स्पष्टीकरणाची गरजच उरली नसती.

वरची आणि खालची बाजूही कुठे दर्शवलेली नाही. ज्या बाजूला लांब फास आहेत ती जीवाणूच्या बाहेरची आणि जिथे आखूड वळणे आहेत ती पेरिप्लाझमची, म्हणजे बाह्यपटल आणि आंतरपटल यांमधल्या जागेची, हे जाणकाराला कळते. नवख्याला कळत नाही. बाहेरचे लांब फास, विशेषतः चौथा, सहावा आणि नववा, छपाईत नाजूक झाले आहेत आणि त्यांपैकी एक वाहतुकीत तुटला. तो आम्ही चिकटवून घेतला.

आता सुक्रोजविषयी. आमचे बरेच विद्यार्थी ऊसपट्ट्यातील आहेत. कोणाच्या घरी मांजरा काठचा ऊस आहे, कोणाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. ज्वारीच्या भाकरीतील पिष्ट आतड्यात तुटून माल्टोज आणि छोटी माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या आखूड साखळ्या) तयार होतात व ई. कोलाय त्यांचा माग घेतो, हे समजल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो की, मग उसाची साखर तो का घेत नाही? संचातील सुक्रोजचा रेणू याच प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम मागवला होता आणि तो पैसे वसूल करणारा ठरला. सुक्रोज आकाराने माल्टोजएवढेच, वजनही तेच, ३४२ डाल्टन. छिद्र एवढाच निकष असता तर दोघांनाही सारखीच वाट मिळाली असती. प्रतिमानात सुक्रोज उतरवला की त्यातला ग्लुकोजचा भाग घसरगुंडीवर नीट टेकतो, पण फ्रुक्टोजचा भाग अरुंद जागेच्या तोंडाशी आडवा येतो आणि रेणू तिथेच अडकतो. स्फटिकांच्या अभ्यासातही हेच दिसले आहे: माल्टोपोरिन सुक्रोजला धरते, पण अतिशय मंदपणे पुढे जाऊ देते.

सुक्रोजसाठी निसर्गाने वेगळे प्रथिन घडवले आहे. साल्मोनेला या जीवाणूतील एका प्लाझमिडवर (गुणसूत्राबाहेरील लहान डीएनए-वलयावर) आढळणाऱ्या स्कर-वाय या पोरिनची रचना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेही अठरा पट्ट्यांचे, तेही तीन उपघटकांचे, त्यातही घसरगुंडी आहे. फरक मुख्यतः अरुंद जागेत आहे. माल्टोपोरिनमध्ये जेथे आर्जिनिन १०९, टायरोसिन ११८ आणि ॲस्पार्टिक आम्ल १२१ आहेत, तेथे स्कर-वायमध्ये ॲस्पॅराजिन १९२, ॲस्पार्टिक आम्ल २०१ आणि फिनाइलअॅलनिन २०४ आहेत, आणि मार्ग अधिक रुंद होऊन सुक्रोज पार होतो. हे दुसरे पृष्ठ-प्रतिमान संचात नाही. ते असते तर दोन्ही शेजारी ठेवून तोच सुक्रोजचा रेणू आधी अडकवता आणि मग पार करता आला असता. पुढील खरेदीत आम्ही तेच मागवणार आहोत.

संचासोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मला तीव्र नापसंती नोंदवावी लागते. त्यात माल्टोपोरिन ऊर्जा खर्च करून साखर आत ओढते, असे छापलेले आहे. हे साफ चुकीचे आहे. बाह्यपटलापाशी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) उपलब्ध नसते, आणि पोरिनमुळे ते पटल लहान आयनांना खुले असल्याने तेथे आयनांच्या संहतीतील उतारही टिकत नाही. माल्टोपोरिनमधून शर्करा विसरणानेच जाते, दोन्ही दिशांना जाऊ शकते, आणि प्रथिन फक्त ती वाट सुकर करते. शर्करा आतच का येत राहते, याचे उत्तर पुढच्या टप्प्यात आहे: पेरिप्लाझममधील माल-ई हे प्रथिन तिला मायक्रोमोलर संहतीतही पकडते, आणि आंतरपटलातील माल-एफ, माल-जी व माल-के यांचा संयुक्त वाहक एटीपी खर्चून तिला पेशीद्रवात नेतो. खर्च आंतरपटलावर होतो, बाह्यपटलावर नाही. विद्यार्थ्यांच्या मनात हा भेद पक्का बसवणे हाच या प्रकरणाचा अर्धा हेतू असतो, म्हणून आम्ही ते पत्रक काढून टाकले आणि आमच्या विभागाचे एक पान मराठीत लिहून पेटीत ठेवले.

बाह्यपटलातून ऊर्जा वापरून शर्करा घेणारी प्रथिनेही आहेत, आणि कदाचित पत्रक लिहिणाऱ्याने ती माहिती इथे मिसळली असावी. त्यांना ऊर्जा टॉन-बी या प्रथिनामार्फत आंतरपटलातील प्रोटॉनच्या उताराकडून मिळते. कॉलोबॅक्टरमधील माल-ए माल्टोडेक्स्ट्रिन असेच घेते. कोबीवर्गीय पिकांवर काळी कूज आणणाऱ्या झँथोमोनासमधील सक्स-ए सुक्रोज घेते. आणि आपल्या आतड्यातील बॅक्टेरॉइडिसमध्ये सस-सी हे बावीस पट्ट्यांचे बॅरल व त्याच्या तोंडावर उघडझाप करणारे सस-डी यांची जोडी काम करते, ज्या कुळाची कार्यपद्धती २०१७ मध्ये रचनेतून उलगडली. पण ही वेगळी यंत्रणा आहे आणि तिच्यासाठी वेगळे प्रतिमान लागेल.

टिकाऊपणाबाबत मराठवाड्यापुरती एक सूचना करणे आवश्यक आहे. संच पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेला आहे. ते स्वतः पिष्टापासून मिळणाऱ्या शर्करेच्या किण्वनातून तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनते, ही बाब वर्गात सांगण्याजोगी आहे. परंतु साधारण ६० अंश सेल्सिअसला ते मऊ पडते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत, खिडकीतील उन्हात किंवा बंद मोटारीत तापमान त्याहून बरेच वर चढते. आमच्या प्रयोगशाळेत उन्हाच्या बाजूच्या कपाटात ठेवलेला माल्टोजचा रेणू वाकला. सुदैवाने तो सर्वांत स्वस्त भाग होता. पीईटीजी हे प्लास्टिक साधारण ८० अंशांपर्यंत टिकते आणि किंमतीत फार फरक पडत नाही, म्हणून तेच मागावे.

मागणी नोंदवताना संकेतांक, प्रमाण आणि प्लास्टिक या तिन्ही गोष्टी पत्रात स्पष्ट लिहाव्यात. तीन उपघटकांना तीन रंग आणि बाह्यपटलाच्या दोन्ही कडा दाखवणाऱ्या दोन आडव्या रेषा मागाव्यात. वस्तू कोणत्याही टप्प्यावर आरशाप्रमाणे उलटवू नये, ही अट घालावी. निधी कमी असेल तर फीत-प्रतिमान वगळून चिरलेले पृष्ठ-प्रतिमान आणि शर्करेचे तिन्ही रेणू एवढेच घ्यावे. कार्यशाळा ते सुटे देते, आणि त्याचा खर्च संपूर्ण संचाच्या निम्म्याहून थोडा अधिक येतो.